उष्टे हात वाळेपर्यंत

शेलूबाजारला माझ्या कापडदुकानासमोर मेहकरकडची एस.टी. थांबली आणि आमच्या केनवडचा भगवान उतरला, तेव्हा मी एका बाईला लुगड्याचा काठ दाखवत होतो. भगवान पायरीवर बसला, पाणी मागून प्यायला आणि मग म्हणाला, "वसंता गेला. तापाचं निमित्त झालं." मी काठ दाखवतच राहिलो. बाई विचारत होती रंग जाईल का, आणि मी म्हणत होतो, नाही जाणार. रडू आलं नाही. मनात आलं ते भलतंच... आता पंगती लवकर उठतील. असा विचार का यावा, हे इतके दिवस उलटले तरी मला कळलेलं नाही.

वसंता माझा बालमित्र. जन्मापासून त्याचे हातपाय त्याचं ऐकत नसत. मान एकीकडे ओढायची, चालताना सगळं अंग हेलपाटायचं, बोलणं अडखळत यायचं. डोकं मात्र तल्लख आणि जीभ त्याहून तिखट. भावाच्या किराणा दुकानात बसून गिऱ्हाइकांची थट्टा करणं हाच त्याचा खरा धंदा. गावानं त्याला कधी हिडीसफिडीस केलं नाही, उलट जपलंच. कुणाकडे लग्न असो की तेरवी, वसंताचं ताट घरपोच जायचं. आंधळ्या सीतारामचंही तसंच. त्यांना चारचौघांत कशाला त्रास, असं सगळे म्हणत, आणि मलाही त्यात काही वावगं दिसत नसे.

दुष्काळ सरल्यानंतरच्या उन्हाळ्यात माझ्या बहिणीचं लग्न झालं. काकांनी जास्तीची बुंदी घालून वसंताचं ताट पाठवलं. ते आल्या पावली परत आलं आणि मागोमाग तो स्वतः, इस्त्रीचा सदरा घालून. "काका, आवतन ताटाले होतं का मले?" एवढं विचारून तो थेट वऱ्हाडी मंडळींच्या पंगतीत जाऊन बसला. आमच्याकडे शेवटच्या माणसाचं जेवण झाल्याशिवाय पंगत उठत नाही. मी कढीची बादली घेऊन फिरत होतो. वसंता घास उचलायचा, तो तोंडापर्यंत जाईस्तोवर अर्धा भात सांडायचा, पुन्हा घास, पुन्हा सांडणं... बाकी सगळ्यांचं आटोपलं. उष्टे हात वाळायला लागले. मांडवाबाहेर दुसरी पंगत ताटकळत उभी, आणि काका माझ्यावर डोळे वटारत होते, जणू त्याचा घास मीच धरून ठेवला होता. शेवटी नवरदेवाचे मामा गुडघ्यावर हात टेकून उठायला लागले. वसंतानं मान सावरली. "बसा मामा... माह्यं व्हायचं हाय अजून." व्याही रुसले तर बहिणीचं काय होईल, या भीतीनं मी बादली खाली ठेवली. मामा तसेच अवघडलेले, ना उभे ना बसलेले. मग त्यांनी पुन्हा मांडी घातली. आणि या पठ्ठ्यानं काय करावं? द्रोण पुढे सरकवून मला म्हणाला, "कढी वाढ."

त्यानंतर त्यानं एकही पंगत सोडली नाही. सीतारामलाही हाताला धरून आणायचा, म्हणजे खरं तर दोघं एकमेकांना धरून, पहिल्या पंगतीत येऊन बसत. लोक कुरकुरले. काहींनी आवतण देणंच टाळलं, तर हा त्यांच्या दारात जाऊन, "मले सांगाचं इसरले वाटते," म्हणून उभा. हळूहळू ताटं पाठवणं बंद झालं. माणसं जेवण झाल्यावर पत्रावळीपुढे बसून पीकपाण्याच्या गप्पा मारायला शिकली. कुणी त्याच्यावर मनातून चिडलेलं असायचं, पण उठत कुणी नसे.

मग एकदा भर दुपारी मी त्याच्या घरी जेवायला बसलो. वहिनींनी, म्हणजे त्याच्या भावाच्या बायकोनं, चुलीजवळच आम्हा दोघांना वाढलं. माझी पहिली पोळी संपते न संपते तोच याचं ताट साफ! वरणाची वाटी सरळ तोंडाला लावली, कुस्करलेली पोळी दोन्ही हातांनी खाल्ली, झालं. माझं डोकंच फिरलं. "वसंत्या, घरी तर भरभर जेवतो. मंग पंगतीत काहून लोकाईले बसवून ठेवतो?" तो हसला. हसताना त्याची मान आणखीच वाकडी व्हायची. म्हणाला, "घरी माह्यासाठी कोन थांबून राह्यलं?"

या उत्तरानं मी अजून गोंधळलेलाच आहे. कधी वाटतं, त्यानं साऱ्या गावाची खोडी काढली. कधी वाटतं, एवढ्या नजरा लागल्या की त्याचे हात जास्तच थरथरत असतील, चारचौघांत वाटी तोंडाला लावायची लाज वाटत असेल, आणि ते कबूल करण्यापेक्षा त्यानं थट्टा केली. कधी वाटतं, आपण या गावातले आहोत की नाही हे तो प्रत्येक पंगतीत नव्यानं तपासून बघत होता. मग त्याला हट्ट म्हणू, की हक्क? आणि आम्ही थांबायचो ते त्याच्यावरच्या मायेनं, की त्याच्या जिभेच्या धाकानं? विचारायचं राहून गेलं... विचारलं असतं तरी सरळ उत्तर देईल तो वसंता कसला.

तेरवीला मी केनवडला गेलो आणि कढीची बादली माझ्याच हाती आली. पहिल्या पंगतीत सीताराम होता. बहिणीच्या सासरचे ते मामाही होते. एवढ्या लांबून मुद्दाम आले होते. जेवणं आटोपली. सीतारामनं बोटांनी पत्रावळ चाचपली, तिच्यावर काही उरलं नव्हतं. कुणी उठेना. गप्पाही नाहीत. वहिनी दारात आल्या, रांगेकडे बघत राहिल्या आणि हळूच मला म्हणाल्या, "भाऊ, त्याईले उठाले सांगा ना. आता कोन राह्यलं जेवाचं?" सांगायला म्हणून मी बादली घेऊन रांगेकडे वळलो. मामा खाली मान घालून बसले होते, उजवा हात पत्रावळीवर तसाच. तो पार वाळला होता.

परवा घरी माझं जेवण झालं आणि मी ताटापुढे बसून होतो. बायको म्हणाली, "उठा ना आता, हात वाळला." मी म्हटलं, "उठतो." आणि बसूनच राहिलो.