हात लावून बघणाऱ्या बाई

आमच्या सातवीच्या विज्ञानाच्या बाईंनी आयुष्यात कशावरही विश्वास ठेवला नाही. पुस्तकावर नाही, हवामान खात्यावर नाही, स्वतःच्या चष्म्यावर तर मुळीच नाही. त्यांचे वडील शिरोलीच्या फाउंड्रीत होते, ओतीव लोखंडावर टकटक करून आवाजावरून तडा ओळखायचे. तोच वसा लेकीनं घेतला. बाई बाजारात नारळ कानाशी धरायच्या, हेडसरांच्या नव्या खुर्चीवर टिचकी मारायच्या, आणि वर्गात कुणी "चुंबकाला पितळ चिकटत नाही" असं घोकलेलं सांगितलं, की चष्म्यावरून बघत विचारायच्या, "हात लावून बघितलंस?" बघितलं नसेल तर बरोबर उत्तरही चूक.

म्हणूनच प्रयोगशाळेतलं साहित्याचं कपाट भंगारात घालून तिथं डिजिटल फळा बसवायचा घाट संस्थेनं घातला, तेव्हा मी, त्यांचा जुना विद्यार्थी, पेटलो. पोरांच्या हातातली परीक्षानळी काढून घेणारे हे कोण? रागाच्या भरात पत्रक लिहिलं, 'फळा हटवा, प्रयोगशाळा वाचवा', गठ्ठाभर छापलं आणि पहिली प्रत बाईंकडं नेली. वाटलं, बाईंच्या डोळ्यांत पाणी येईल. बाहेर आलं ते लाल पेन.

"त्या फळ्याला हात लावून बघितलंस?"

"न्हाय, बाई."

"मग 'फळा हटवा' काढ. बाकीचं ऱ्हाऊ दे."

निर्णयाची बैठक संस्थेच्या अध्यक्षांच्या खोलीत होती, नमुन्याचा फळा तिथंच लावलेला. मी भाषण पाठ करून गेलेलो. अध्यक्ष म्हणाले, "बाई, त्या कपाटात भंगाराशिवाय हाय काय?"

"उघडून बघितलंय?"

 मग बाईंनी सातवीतल्या दोन मुलींना पुढं केलं. एकीनं कपाटातली काचेची बशी आणली होती. तिच्यात तिनं खिडकीतल्या कुंडीखालच्या ताटलीत साचलेलं पाणी घेतलं. दुसरीनं बाईंचा फोन फळ्याला जोडला, त्याच्या कॅमेऱ्यावर पाण्याचा एक थेंब सोडला, झालं भिंग, आणि फोन अलगद उलटा करून बशीवर धरला. समोरच्या फळ्यावर हातभर लांबीची डासाची अळी वळवळायला लागली.

"यूट्यूबवरचं असंल," अध्यक्ष म्हणाले.

"तुमच्या कुंडीतलं हाय की," मुलगी म्हणाली. "बशी हलवून बघा."

अध्यक्षांनी एका बोटानं बशी हलवली. फळ्यावर अळीनं कोलांटी मारली. शिपाई कुंडी उचलून बाहेर पळाला.

फळा प्रयोगशाळेच्या भिंतीवर गेला, कपाट जागेवर राहिलं. माझं भाषण झालंच नाही, आणि खरं सांगतो, इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं. पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मुलींनी अळीच्या आकृत्या काढल्या. माझ्या पत्रकांचा झालेला उपयोग तेवढाच.

बाई आता निवृत्त होऊन लांब लेकीकडं राहायला गेल्यात. परवा कळंब्याच्या रस्त्यातल्या खड्ड्याबद्दल मी जळजळीत पत्रक लिहिलं, 'कंबरेएवढा खड्डा!' छापायला देताना हात अडला. विचारणारं कुणी नव्हतं. तरी कागद खिशात कोंबून गेलो, बाही सारून खड्ड्यात हात घातला. कोपरापर्यंतच गेला. मग तिथंच कडेला बसून 'कंबर' खोडलं आणि 'कोपर' लिहिलं. लाल पेनानं.