दुसऱ्या महिन्यातले हात

सत्तरचं दशक संपत आलं होतं. सांगलीत गावभागातल्या एका खोलीत आम्ही दोघं राहत होतो. मी एका दैनिकात उपसंपादक होतो. माझा खोलीमित्र कॉलेजात प्राणिशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर होता आणि पीएच.डी.च्या मागे लागलेला होता. त्या पावसाळ्यात खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती, कारण कृष्णेकाठच्या डबक्यातून आणलेली बेडकाची पिल्लं त्याने एनॅमलच्या भांड्यांत घालून जमिनीवर मांडली होती. कॉलेजात सुट्टीच्या दिवशी पाणी बदलायला कोणी नसे, म्हणून प्रयोग घरी आला होता.

प्रयोग थोडक्यात असा. पिल्लाला मागचे पाय फुटू लागले की एक पाय नडगीशी कापायचा. या वयात तो पुन्हा वाढतो, आणि तुटला असेल तेवढाच वाढतो. नडगीशी कापला तर नडगीचा उरलेला भाग आणि पाऊल. काही पिल्लं कापल्यानंतर थोडे दिवस अ जीवनसत्त्व मिसळलेल्या पाण्यात ठेवली होती. त्यांना नडगीच्या टोकावर पुन्हा मांडी आली, मग गुडघा, मग नडगी, मग पाऊल. एकाला तर त्या एका थोटकातून दोन पाय फुटले. देशातल्या दुसऱ्या एका प्रयोगशाळेत असंच दिसल्याचं त्याच्या वाचनात आलं होतं. आपल्या भांड्यातही तेच दिसतंय, याचा त्याला आनंद होता आणि धास्तीही होती.

पेशीला आपली जागा कशी कळते, हा त्याचा विषय होता. परदेशात कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भावर काम झालं होतं. पंखाची कळी फुटते तेव्हा तिच्या मागच्या कडेचा बारीक तुकडा काढून पुढच्या कडेला लावला, तर पंखात बोटांचा दुसरा संच येतो, तोही उलटा, आरशात पाहिल्यासारखा. म्हणजे त्या कडेच्या पेशी काहीतरी सोडत असणार आणि ते जवळ दाट, लांब विरळ असं पसरत असणार. एकदा हळदीच्या पेठेतून जाताना त्याने मला हे समजावलं. डोळे बांधून तुला इथे सोडलं तरी वासावरून कळेल ना, पेठ किती लांब आहे ते? पेशीचं तसंच. दाट वास आला तर करंगळी व्हायचं, विरळ आला तर अंगठा. ते सोडलं जाणारं नेमकं काय, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं. तो रेणू आणि तो बनवणारं जनुक पुढे दीडेक दशकाने सापडलं. अ जीवनसत्त्वापासून शरीरात तयार होणारा एक पदार्थ पेशीतल्या जनुकांना चालू-बंद करतो, हेही नंतरच कळलं. तेव्हा त्याच्याकडे फक्त पाय होते, नको तिथे आलेले.

श्रावणात माझ्या बहिणीचे सासरे मिरजेला डोळे दाखवायला आले आणि मुक्कामाला आमच्या खोलीवर उतरले. बहीण कोरेगावच्या बाजूला एका खेड्यात दिलेली. नवरा फौजेत, सरहद्दीवर. सासऱ्यांना मोतीबिंदू होता आणि तो अजून पिकलेला नाही, दिवाळीनंतर या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते उंबऱ्यातच थांबले.

“पाव्हणं,” ते मला म्हणाले, “पगार पुरंना म्हून बेडकं पाळायला लागलासा व्हय?”

मित्र हसला आणि भांडी सरकवून त्याने त्यांना वाट करून दिली. ते बसले. खिडकीत जीवनसत्त्वाची तपकिरी बाटली होती. शार्क माशाच्या यकृताच्या तेलातून काढलेलं ते दाट औषध उघडं राहिलं की खोलीभर वास सुटे. त्यांनी बाटली नाकाशी नेली.

“ह्यो वास वळखीचा हाय. आमच्यात हाय ही बाटली. डाक्टरनं सूनबाईला दिलीया, दिवस मावळला की तिला दिसत न्हाई म्हून.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “तुमी मामा हुणार. ठावं न्हाई व्हय?”

मला ठाऊक नव्हतं. तीन महिने होईपर्यंत आमच्याकडे ही गोष्ट घराबाहेर जात नाही, आणि त्यानंतरही मुलग्यांना कोणी मुद्दाम सांगायला येत नाही. मी मित्राकडे पाहिलं. त्याचं हसू गेलं होतं. औषध केव्हापासून चालू आहे, असं त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं. सासरे म्हणाले, ते बायकांना ठावं.

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांना सातारच्या गाडीत बसवून मी परतलो, तेव्हा मित्र भांड्यांपाशी बसून होता. बेडकाचं माणसाला लावायचं नाही, हे त्याने आधी सांगितलं. मग सांगितलं की उंदरांच्या गर्भावर जास्त मात्रेचा परिणाम झालेला आहे, हे जुनं संशोधन आहे. माणसाच्या गर्भाचे हातपाय दुसऱ्या महिन्यात घडतात. आधी वल्ह्यासारखी कळी, मग तिच्यात बोटांच्या रेघा, मग रेघांमधली कातडी विरून बोटं सुटी. ते झालं की हात फक्त मोठा होतो, त्याचा आराखडा बदलत नाही. म्हणून प्रश्न एकच होता. तिने पहिला थेंब घेतला तेव्हा पोटातल्या मुलाचे हात झाले होते की व्हायचे होते.

“तिसरा महिना उलटून गेला असेल तर निवांत झोप,” तो म्हणाला. “नसेल तर मी काही सांगू शकत नाही. कोणीच सांगू शकणार नाही.”

रजा काढून मी बहिणीच्या गावी गेलो. गाडीला उशीर झाला आणि गावात पोचेपर्यंत दिवस मावळला होता. बहीण सोप्यात उभी होती. मी अंगणात, तिच्यापासून चार हातांवर. तिने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, कोण हाय? मी बोललो तेव्हा तिने आवाजावरून ओळखलं आणि हसली. आत जाताना तिचा हात भिंतीवरून सरकत होता.

हे जुळत नव्हतं. मित्राने सांगितलं होतं की हे औषध पोटात गेलं की रातांधळेपणा थोड्याच दिवसांत जातो. बाटली घरात येऊन महिना उलटला असणार. मग तिला दिसत का नव्हतं?

सकाळी ती परड्यात भांडी घासत असताना मी विचारलं. तिने आडवळणाने सांगितलं, पण सांगितलं. बाटली आली तेव्हा तिने थोडे दिवस थेंब घेतले. मग सासूबाईंच्या मनात आलं की डोळ्याचंच औषध आहे तर आधी मामंजींना द्यावं, घरातलं मोठं माणूस आंधळं होत चाललंय. तिचं काय, बाळंतपण झालं की आपोआप जातं, पहिल्या खेपेला पुष्कळ बायकांना होतं. तेव्हापासून बाटली मामंजींच्या कोनाड्यात होती. सासऱ्यांना वास का ओळखीचा होता, ते मला तेव्हा कळलं. मोतीबिंदूला त्या थेंबांचा काही उपयोग नव्हता.

थोडे दिवस म्हणजे केव्हा, असं मी विचारलं. तिने हातातलं पातेलं खाली ठेवलं. वटपौर्णिमा झाल्यावर, आषाढातल्या बेंदराच्या आत कधीतरी. नक्की आठवत नाही. “का रे दादा?” तिने विचारलं. मी म्हणालो, उगाच, मित्राने विचारायला सांगितलं होतं.

आता दुसरी बाजू हवी होती, म्हणजे दिवस कधीपासून धरायचे. ते भावाने बहिणीला विचारण्यासारखं नव्हतं. मी सासूबाईंकडे गेलो. आईला बाळंतपणाची तयारी करायची आहे, कोणता महिना धरायचा, असं निमित्त काढलं.

“आईला ठावं हाय की समदं,” त्या म्हणाल्या. “भाऊ कवापासनं महिनं मोजाय लागलं?”

सून ऐकत होती. त्यांना ते आवडलं असावं, कारण त्या आणखी थोडं मोठ्याने म्हणाल्या, “चैताच्या जत्रंला ती बाहेर बसली व्हती, त्येच शेवटचं. घर पाव्हण्यांनी भरल्यालं आन् पुरणाला हात लावाय दुसरं कोण न्हाई. म्या एकलीनं पोळ्या लाटल्या. इसरीन व्हय?”

त्या विसरणं शक्य नव्हतं. सून पाळीच्या दिवसांत कशाला शिवत नाही, आणि ते दिवस चैत्री पौर्णिमेच्या जत्रेत आले, तर ते सासूच्या कमरेच्या लक्षात राहतात. आमच्या बातमीदारांच्या तारखा इतक्या पक्क्या नसत. मी अंगणात येऊन हिशेब केला. पाळीनंतर पंधरवड्याने गर्भ राहतो, असं मित्राने सांगितलं होतं, म्हणजे चैत्रातल्या अमावास्येपासून मोजायचं. दुसरा महिना ज्येष्ठाच्या अमावास्येला, बेंदराच्या थोडा अलीकडे संपत होता. थेंब वटपौर्णिमा झाल्या झाल्या घेतले असतील, तर बोटं सुटी व्हायची होती. बेंदराच्या तोंडावर घेतले असतील, तर सगळं उरकलेलं होतं. एक कडा धोक्याची, दुसरी निर्धोक, आणि खरं त्या दोहोंच्या मध्ये कुठेतरी होतं.

सांगलीला परतल्यावर मित्राने सगळं ऐकून घेतलं. थोडेच दिवस, तेही खेड्यातल्या डॉक्टरने मोजून दिलेले थेंब. बहुधा काही होणार नाही, तो म्हणाला, पण बहुधा हा शब्द त्याने दोनदा वापरला. मग म्हणाला, एक मात्र नक्की. हात आता झालेले आहेत, चांगले वा वाईट. तिच्या डोळ्यांना आता औषध हवं आहे, लहान मात्रेत, आणि तिला स्वतःला मिळायला हवं. अंधारात पडली तर तो धोका या धोक्याहून मोठा. मी सातारला आईकडे गेलो आणि दोन बाटल्या पोचवल्या, एक मामंजींची समजूत राहावी म्हणून. आईने त्या स्वतः नेऊन दिल्या आणि सूनबाईची सूनबाईलाच द्यायची, असं सासूबाईंकडून कबूल करून घेतलं. कशासाठी काय चाललं आहे, हे आम्ही कोणालाच सांगितलं नाही. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया दिवाळीनंतर झाली आणि सासऱ्यांना दिसू लागलं.

बहीण बाळंतपणाला सातारला आली. पौषात ऑफिसात तार आली. मुलगी झाली, दोघी खुशाल. मी ती तार पुष्कळ वेळ हातात धरून होतो. खुशाल या शब्दात बोटं येतात की नाही, ते कळत नव्हतं.

पाचवीच्या दिवशी मी घरी पोचलो. आईने मूल माझ्या मांडीवर दिलं. कडाक्याची थंडी होती आणि मूल दुपट्यात मानेपर्यंत गुंडाळलेलं होतं. डोक्याला कुंची, हात आत, पाय आत. चेहरा तेवढा दिसत होता. मी दुपट्याच्या कडेला हात घातला तशी आई म्हणाली, सोडू नकोस, गार लागेल. मी हात काढून घेतला. आई पूजेचं बघायला माजघरात गेली.

बहीण बाजेवर पडून माझ्याकडे पाहत होती.

“मोजलीत मी,” ती म्हणाली.

मी दुपट्यावरची नजर उचलून तिच्याकडे पाहिलं.

“दिवेलागणीला झाली ही. मला दिसत नव्हतं. म्हणून चाचपून मोजली, हाताची आणि पायाची. उजाडल्यावर परत बघून मोजली.”

दिसत नव्हतं कसं, मी विचारलं. थेंब घेत होतीस ना?

“नाही घेतले. तुळशीच्या आळ्यात ओतत होते रोज. आधी परड्यात येऊन, थेंब कधी घेतलेस, कधी घेतलेस, असं खोदून विचारलंस. मग सासूबाईंनी महिने सांगितले तर अंगणात उभा राहून बोटांवर मोजत बसलास. तुझा चेहरा दिसत होता मला, दिवस होता. मग बाटली पाठवलीस आणि घे म्हणालास. चेहरा एक सांगतोय आणि निरोप दुसरंच सांगतोय, तर मी काय करायचं, दादा?”

श्रावणापासून पौषापर्यंत ती दिवस मावळल्यावर भिंत धरून चालली होती. भीती तिलाही होती, फक्त ती कशाची, हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. अंदाजाने ती बोटांपर्यंत येऊन ठेपली होती.

तिने हात पुढे करून मूल घेतलं. दुपट्याची घडी एका बाजूने सोडली आणि मुलीचा उजवा हात बाहेर काढला. अंगठा, त्याच्या पलीकडे चार बोटं, करंगळी जिथे असायची तिथे. मग डावा काढला. दोन्ही हात तिने मला नीट पाहू दिले, अजिबात घाई केली नाही. आई माजघरातून आली आणि थंडीवरून दोघांनाही बोलली, तेव्हाच तिने घडी पुन्हा बंद केली. आई गेल्यावर ती म्हणाली, “आता दे ते औषध, घेते.”