दगूबाईच्या घराला दांड

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशीण माहेरी येते, हे आमच्या खानदेशात कुणाला सांगावं लागत नाही. चैत्र सरला की पोरींचे कान वाटेकडे लागतात. माहेरचं कुणीतरी गाडी घेऊन न्यायला येतं, त्याला मूळ म्हणतात. मग झोका, गौराईची गाणी, सांजोऱ्या, आणि आईच्या ओट्यावर बसून सासूची उणीदुणी. या एवढ्यावर बाई पुढचं वर्ष काढते.

दगूबाईची सिंधू लग्नानंतर पहिल्या आखाजीला आली ती आईच्या जेठाच्या, म्हणजे थोरल्या दिराच्या घरी. दुसरीकडे येणार कुठे? दगूबाईचा नवरा सिंधू रांगत होती तेव्हाच गेला, आणि तेव्हापासून दगूबाई जेठ भिकनआप्पांच्या घरात चुलीपुढे बसली होती. पोरीचं लग्न त्याच घरातून झालं, चांगलं झालं. पण त्या आखाजीला सिंधूने आपलं बोचकं ओट्यावर ठेवलं आणि जेठाणी झिपाबाई सुपातली डाळ पाखडता पाखडता, वर न बघता म्हणाली, "माहेर म्हणजे मायना ओटा, सिंधू. काकूना ओटा धरमशाळा शे. आज उतरनं, सकाय चालनं."

झिपाबाईच्या मनात फार काही होतं असं नाही. तिची जीभ तशीच होती, मीठ जरा जास्त पडलेली. पण सिंधू झोक्यावर बसली नाही. सण झाल्याबरोबर निघाली, आणि गाडीत चढताना आईला म्हणाली, "पुढला सालले माले बलाव नको, माय."

गाडी वळणाआड गेली तरी दगूबाई तिथेच उभी होती. मग आत आली आणि भाकरी थापायला बसली. पण त्या दिवशी भाकरी करपली, आणि दगूबाईची भाकरी करपली हे त्या घरात पहिल्यांदाच घडलं.

गावाबाहेर, तळोद्याच्या वाटेला, मळ्यात नवऱ्याच्या वाट्याचं एक जुनं घर होतं. घर म्हणायचं आपलं. एक खोली, पुढे पडवी, वर धाबं, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. कुठल्याशा चुलतसासूने बांधलेलं. ती गेल्यावर आप्पांनी त्यात कडबा भरला होता. धाब्याचा एक कोपरा खाली बसला होता आणि तिथून आत ऊन, पाऊस, मांजर, जे येईल ते येत होतं.

आता मागायचं म्हणजे बोलायला हवं, आणि जेठाशी बोलायची सोय नव्हती. धाकट्या भावाच्या बायकोने जेठापुढे तोंड उघडायचं नाही ही रीत. मग घरात कुणी नसलं की ती दोघं एकमेकांशी बोलत ती मधे कुणीतरी घालून. कधी म्हैस, कधी दाराचा खांब. इतकी वर्षं त्या म्हशीने घरातले सगळे व्यवहार ऐकले होते.

दगूबाई पदर ओढून खांबाला म्हणाली, "मळ्यानं घर माले रहाले पाहिजे."

आप्पा म्हशीच्या पाठीवर हात फिरवीत म्हशीला म्हणाले, "तठे घर नई शे. वारूळ शे. साप बी इचार करीसन जातस."

"सापसना इचार माले नका सांगा," दगूबाई खांबाला म्हणाली. "मन्हा वाटानी जागा शे, तेवढी द्या."

म्हशीने शेपटी हलवली. आप्पांनी तिच्यापुढे वैरण टाकली. मग म्हशीलाच म्हणाले, "कडबा काढी लेसु मंग."

झिपाबाई मात्र सरळ बोलली, तिला कुणाची आड नव्हती. "एवढी वय व्हयनी, आते घर मांडस का व? लोक म्हणतीन आम्ही काढी दिनं."

"लोकसले मी सांगसु, मीच निंघनू," दगूबाई म्हणाली.

दिवाळी झाल्यावर ती गेली. घर दुरुस्त करून मग राहायला जावं, असं शहाण्या माणसाने केलं असतं. पण दगूबाईला स्वतःची खोड माहीत होती. जेठाच्या घरात राहिली तर चुलीपुढून उठणं व्हायचं नाही, आणि ते वारूळ वारूळच राहायचं. म्हणून आधी चूल मांडली आणि मग छपराचं बघू म्हणाली. पहिली चूल खचलेल्या कोपऱ्याच्या समोर. तिथे माती गळायला लागली तशी पडवीत हलवली. पडवीत वारा भाजी उडवायला लागला तशी दाराआड. मग भिंत लिंपायची म्हणून अंगणात. नदीवर बायका हसायच्या, दगूबाईची चूल देवीच्या पालखीसारखी घरभर मिरवते म्हणून. दगूबाई म्हणायची, मिरवू दे, नैवेद्य मीच खाते.

भिंती तिने स्वतःच्या हाताने लिंपून धड केल्या. माती भिजवायची, भुसा टाकायचा, शेण घालायचं, पायाने तुडवायचं. मळ्याच्या पलीकडे जान्या नावाचा भिल आणि त्याची बायको कालीबाई राहत. कालीबाई पहिल्या दिवशी कुंपणाशी उभी राहून बघत होती. दुसऱ्या दिवशी लुगडं खोचून चिखलात उतरली. बोलणं फार नाही. दोघी तुडवत राहिल्या, आणि कालीबाई दगूबाईच्या पायाकडे बघून म्हणाली, "तुन्हा पाय भाकर थापाना. माती तुडवाना नई." दगूबाई इतकी हसली की चिखलात बसली.

भिंती झाल्या, आणि मग धाबं उघडलं. वरची माती उतरवल्यावर खरं दुखणं दिसलं. सगळं धाबं ज्या एका सागाच्या तुळईवर तोललेलं होतं, तिचं भिंतीत गेलेलं टोक उधईने, म्हणजे वाळवीने, खाल्लं होतं. बोट घातलं तर बोट आत जायचं. चुनीलाल सुताराला बोलावलं. त्याने तुळईवर टिचकी मारली, कान लावला, आणि वैद्यासारखी मान हलवली.

"बाई, हाई लाकूड आते चुल्हामाच जाई."

"बाकीनं तं धड शे."

"धड शे, पन भिंतलोंग पोचाव नई. हाऊ कुजेल तुकडा कापा तं लाकूड आखूड पडस."

नवी तुळई आणायची कुठून? जंगलात सागाला हात लावला की फारेस्टवाला शिट्टी वाजवायचा, आणि विकत घ्यायची दगूबाईची ऐपत नव्हती. माघ निम्मा सरला होता. वैशाखात आखाजी. डोक्यावर आभाळ आणि पोरीला कुठल्या तोंडाने मूळ धाडायचं?

त्या दुपारी दगूबाई अंगणात लुगड्याला दांड घालत बसली होती. लुगडं विरतं ते एका जागी. आपण बायका तेवढं विरलेलं कापून काढतो, धड ते धडाला जोडतो आणि पुन्हा नेसतो. लुगडं जरा आखूड होतं, पण अंग झाकतं. तिने दाताने दोरा तोडला, लुगडं झटकलं आणि घराकडे बघत राहिली. मग उठून चुनीलालच्या दारात गेली.

"लाकूड वाढस नई, हाई खरं," ती म्हणाली. "पन भिंत तं सरकस ना?"

"म्हणजे?"

"कुजेल तुकडा काप. आनि तुळई जठलोंग पोचस तठे भिंत घाल. घर थोडं आखूड व्हई. मी एकटी बाई, माले काय घोडा बांधना शे घरमा?"

चुनीलालने विडी विझवली. "घरले दांड घालतस का कोनी?"

"मी घाली ऱ्हायनू ना. करवत लई ये."

जान्याने आणि त्याच्या भावकीतल्या माणसांनी थुण्या लावून तुळई तोलून धरली. चुनीलालने कुजकं टोक कापलं. आतलं लाकूड सोनेरी तांबूस, सागाचा वास सुटलेला. जान्याने त्यावर हात ठेवला आणि एवढंच म्हणाला, "जित्तं शे." हातभर आत नवी भिंत चढली. दगूबाई रोज संध्याकाळी तिला पाणी शिंपडायची आणि न्हाऊ घातलेल्या पोरासारखी थोपटायची. गावात मात्र गंमत झाली होती. येणारा जाणारा विचारायचा, "दगूमाय, घरले टाका सुताना घाला का रेशीमना?"

राहिली जुनी भिंत. नव्या भिंतीच्या बाहेर ती आता बिनकामाची. चुनीलाल म्हणाला, पाडून टाकू. दगूबाईने कुदळ घेतली आणि वरून पाडत आणली. गुडघ्याएवढी राहिली तशी थांबली. दोन भिंतींच्या मधल्या हातभर जागेत दगड भरले, माती भरली, चोपलं, वर शेणाचा हात फिरवला. वाळल्यावर त्यावर बसून बघितलं. पाठीला नवी भिंत, पाय खाली सोडलेले, समोर तळोद्याची वाट आणि पलीकडे सातपुडा.

त्या घराला कधी ओटा नव्हता. बांधणाऱ्या चुलतसासूलाही तो सुचला नव्हता. घर हातभर आखूड झालं आणि ओटा आला.

धाब्यावर टाकायला खारी माती लागते, पांढरी, पाणी न पिणारी. दगूबाई आणि कालीबाई पाट्यांनी ती आणणार होत्या. एका सकाळी बघतात तर अंगणात खारीची गाडी ओतलेली. कुणी ओतली, कुणी सांगेना. पण चाकोरी सरळ भिकनआप्पांच्या खळ्याकडे गेलेली होती.

आखाजी जवळ आली. घर उभं होतं, चूल आपल्या कायमच्या जागी बसली होती, पण सिंधूच्या सासरी, प्रकाशा गावी, मुळाला जाणार कोण? दगूबाईला मुलगा नाही. ती जेठाच्या अंगणात गेली आणि खांबापुढे उभी राहिली. काही बोलायच्या आधीच आप्पा गोठ्यातून बैल सोडून आले. गाडीला जुंपता जुंपता बैलाच्या कानाशी म्हणाले, "चाल रे ढवळ्या, प्रकाशाले जानं शे. पोर वाट देखी ऱ्हायनी व्हई. तिले सांगानं, मायना घरनं मूळ शे."

दगूबाईने पदर आणखी ओढला. खांबाला काही म्हणायचं राहूनच गेलं.

सिंधू उतरली ती त्या ओट्यापाशी. तिने बोचकं ठेवलं, ओट्यावर हात फिरवला, आणि बसली. आई पाणी घेऊन आली तरी उठली नाही.

दुपारी बायका जमल्या. झोका लिंबाला बांधायचा की घरात, अशी बोलणी चालू झाली. दगूबाईने दोर उचलला आणि सरळ तुळईवरून टाकला.  सगळ्यांच्या नजरा वर.

झिपाबाई म्हणाली, "दोर तं बांधी दिना. पहिले बठी कोन? दांडनं घर शे."

"पहिला मान तुमना, बाई," दगूबाई म्हणाली आणि पाट सरळ धरला. "तुम्ही बठा."

झिपाबाई अंगाने भरलेली. ती बसली की गाडीचं चाकसुद्धा विचार करायचं. पण एवढ्या बायकांसमोर नाही म्हणते कशी? बसली, डोळे मिटले. कालीबाईने मागून ढकललं. तुळई एकदा कुरकुरली. वरून चिमूटभर माती झिपाबाईच्या भांगात पडली, आणि बस. झोका गेला, आला. पुन्हा गेला. झिपाबाईने एक डोळा उघडला, मग दुसरा, आणि गळा काढून गौराईचं गाणं उचललं. ती गाते हे सिंधूला माहीतच नव्हतं.

त्यानंतर सगळ्या पोरी बसल्या, दोघी दोघी बसल्या. सिंधू सांज होईपर्यंत उतरली नाही. झिपाबाई घरी निघाली ती आधी ओट्यावर टेकली, केसातली माती झटकली, आणि म्हणाली, "मन्ही पोर चंद्रा बी सकाय येवाव शे. तिले आठेच लई येसु. तठला ओटावर ऊन येस."

"लई या," दगूबाई म्हणाली. "जागा शे."

सण संपून गाडी निघाली तेव्हा सिंधू चाकावर पाय ठेवून मागे वळली.

"पुढला सालले मूळ लवकर धाड, माय."

गाडी वळणाआड जाईपर्यंत दगूबाई ओट्यावर बसून बघत होती. मग आत जाऊन भाकरी थापली, आणि ती टम्म फुगली.