उशिरा येणाऱ्याचे ठोके

आधी विनायकराव वकिलांचं नाव घेतो, मग काय झालं ते सांगतो. मी चिपळूणकडचा. आठवीत शाळा सुटली आणि पोटासाठी पार नागपूरच्या एका खानावळीत येऊन पडलो. तिथे चोरी झाली, पोलिसांनी मला उचललं. ओळखीचं चिटपाखरू नाही... साहेबांनी फी न घेता सोडवलं, वर घरी स्वयंपाकाला ठेवून घेतलं. कोठडीतल्या आणि वेठबिगारीतल्या माणसांसाठी भांडण्यात त्यांचा जन्म गेला. (शुद्धलेखन सांभाळून घ्या.)

कोकणातला म्हटल्यावर लोक भुतांच्या गोष्टी मागतात. मला एकही येत नाही. कधी पटल्याच नाहीत.

ऐंशी-एक्याऐंशीचा हिवाळा असावा. साहेबांनी नुकतंच कोर्ट सोडलं होतं. एम. ए.ला बरोबर असलेल्या मित्रांचा मेळावा भंडाऱ्याजवळ, कारध्याला ठरला – वैनगंगेच्या काठी, केशवरावांच्या मळ्यात. हे केशवराव पुढे सरकारी अधिकारी झाले आणि वेठबिगारीच्या एका खटल्यात साहेबांनीच उलटतपासणीत त्यांना घाम फोडला. तेव्हापासून साहेबांचं त्या सगळ्या मंडळींत जाणं बंद. तरीही बोलावणं आलं.

भंडाऱ्यात एसटीतून उतरल्यावर साहेबांनी भेट म्हणून एक कोरा पितळी पळा घेतला. रिक्षाने पूल ओलांडून मळ्यापाशी आलो... आणि साहेब कुंपणाबाहेरच कवठाखाली दगडावर बसले.

"तू हो पुढे. पळा दे. मी येतो मागून."

"साहेब, जेवणाची वेळ झालीय."

"म्हणूनच. मला बघून त्यांचे घास अडकतील."

मला कळलं, हे येणार नाहीत. असेच परत जाणार, आणि पुन्हा कुठेच जाणार नाहीत.

आत पंगत बसत होती. केशवरावांनी पळा हातात घेऊन फिरवून बघितला.

"विन्या कुठी हाय?"

"बाहेर बसलेत."

"काहून? मी बोलावलं न त्याले."

"तुम्ही जरा बाहेर येता का?"

"मी गेलो त अजूनच आकडन तो. लय जिद्दी हाय." असं म्हणाले, पण वाढलेल्या पानाला हात लावेनात. मग पळा माझ्याकडे दिला. "तू वाढ बाप्पा."

मी वरणाच्या गंजापाशी, म्हणजे मोठ्या पातेल्यापाशी गेलो, पळा बुडवला. आणि पुढचं... कसं सांगू? माझा हात वर आला आणि पळा गंजाच्या काठावर आपटला. दोन ठोके भरभर, थोडं थांबून एक लांब. मग पुन्हा तसंच. मी ठोकत नव्हतो, हात ठोकत होता. भीती नाही वाटली, उलट ओळखीचं काम करतोय असं वाटलं.

पंगतीतल्या माना वळल्या. कोणीतरी हळूच म्हणालं, "लहानू..."

तेवढ्यात फाटक वाजलं. साहेब चपला हातात घेऊन भरभर आले, पंगतीच्या शेवटी मांडी घालून बसले आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "लहानू, भात उरला का रे?"

मग भानावर आले.

केशवराव म्हणाले, "तुह्यासाठी कधी उरला नाही बे? सरक, मले बसू दे." आणि आपलं पान उचलून साहेबांशेजारी जाऊन बसले. दोघांचे डोळे भरले होते, पण जेवले मात्र पोटभर. कोर्टाचा विषयही निघाला, आणि त्यावर सगळ्यात जास्त केशवरावच हसले.

लहानू म्हणजे त्यांच्या वसतिगृहाचा स्वयंपाकी, लाखनीकडचा. वारूनही वर्षं लोटली होती. विनायकराव रोज उशिरा यायचे, म्हणून त्यांना जेवायला बोलवायला तो फक्त त्यांच्यासाठी तसे ठोके द्यायचा.

तुम्ही म्हणाल, साहेबांनीच कधी सांगितलं असेल. परतताना मी विचारलं. ते म्हणाले, "अरे, मीच विसरलो होतो. ऐकल्यावर पायांना आठवलं." पळा तर त्याच सकाळी दुकानातून घेतलेला. उत्तर मला अजून सापडलेलं नाही. कोणाला माहीत असेल तर जरूर कळवा.

त्यानंतर दर हिवाळ्यात आम्ही कारध्याला जात राहिलो. मी पुष्कळदा तसं ठोकून पाहिलं, पण नुसता आवाज होतो.

साहेब म्हणतात, "तू मला आत बोलावलंस, फिटलं सगळं." मला ते मान्य नाही. कोठडीतून मला बाहेर काढलं ते साहेबांनी स्वतः. त्यांना आत बोलावलं ते लहानूने, मी नव्हे. माझं फेडायचं अजून तसंच आहे. कधीतरी फेडीन, आणि तेव्हा हात माझा असेल.