किसनराव आणि डाळीचं पाणी

किसनराव तळ्यातलं पाणी ओंजळीत घ्यायचे, नाकाशी न्यायचे, डोळे मिटायचे आणि मग निकाल द्यायचे. अकोल्याजवळच्या मत्स्यबीज केंद्रावर एकोणीसशे साठच्या सुमारास मी नवा अधिकारी म्हणून रुजू झालो, तेव्हा हे पाहून मला हसू आलं होतं. मी पुण्याचा, पदवीधर; ते चौथी शिकलेले, केंद्रावरचे मजूर.

आमची माशांची पिल्लं जगत नव्हती. अंड्यातून निघाल्यावर दोन-तीन दिवस ती पोटातल्या बलकावर तगतात. पुढे त्यांना पाण्यातले बारीक किडे लागतात. आमच्या तळ्यांत ते नव्हतेच. डाळ मिलच्या मागे, डाळ भिजवलेलं पाणी साचतं त्या खड्ड्यात असे किडे वळवळतात, हे किसनरावांनीच मला सांगितलं.

मी लगेच मिलमधून निघालेल्या ताज्या पाण्याची पिंपं बैलगाडीवरून आणली. किसनरावांनी वास घेतला.

"साहेब, हे आंबून राहिलं अजून. इथं खड्डा करून त्यात मुरू द्या आठ दिवस."

"पिल्लं आठ दिवस उपाशी राहतील का?" म्हणत मी पाणी तळ्यात सोडायला लावलं.

सकाळी काठाशी मेलेल्या पिल्लांचा पांढरा थर होता. मी काठावर बसून ती उचलू लागलो. किसनराव शेजारी येऊन बसले. "पान्याचा दोष नाई, साहेब. आपुन घाई केली." 'आपुन' म्हणाले. घाई माझी एकट्याची होती.

पुढच्या खेपेला सगळं त्यांच्यावर सोपवलं. अंडी त्यांनी विहिरीच्या पाण्यात, कापडाच्या झोळीत ठेवली. "अंड्याले निर्मय, साफ पानी पायजे, पिलायले खानं पायजे. दोनी एका ठिकानी कावून घालता?" डाळीचं पाणी आधीच खड्ड्यात मुरत घातलं होतं. ते हिरवं झालं, किडे दिसले, तेव्हा पिल्लं तळ्यात नेली आणि ते पाणीही रोज थोडं थोडं सोडलं. दोन-तीन आठवड्यांनी जाळं उचललं, तर बोटाच्या पेराएवढी पिल्लं उसळत होती. किसनराव लहान मुलासारखे हसत सुटले.

अहवाल लिहून मी त्यांना वाचून दाखवला. नागपूरहून दीक्षा घेऊन आलेला हा माणूस कोणापुढे मान खाली घालत नसे. माझ्याकडे सरळ बघत त्यांनी विचारलं, "याच्यात मी कोठी आहो?"

'स्थानिक मजुरांच्या मदतीने' एवढंच मी लिहिलं होतं. मी ते पान फाडलं. नव्या पानावर त्यांचं पूर्ण नाव लिहिलं. त्यांनी बोट ठेवून ते सावकाश वाचलं, मान हलवली आणि पान परत दिलं.

"अर्धंच झालं, साहेब. माही बायको त्या मिलमधी कामाले हाय. खड्डा तं तिनं दाखोला."

मी तिसरं पान घेतलं आणि तिचं नाव विचारलं.