समुद्राकडची दोरी

माझ्या बायकोला पोहता येत नाही. गुडघ्याच्या वर ती कधी समुद्रात गेलेली नाही, आणि त्याच समुद्रात लोकांना सर्फिंग शिकवायला निघालेली लेक तिच्याच पोटची. मी किनाऱ्यावर टपरीत तळलेले मासे आणि भात विकतो, त्यामुळे या दोघींची भांडणं मला बसल्या जागी ऐकायला मिळतात.

बायको मागच्या लॉजच्या चादरी धुते. एकतीस वर्षं झाली. सगळे तिला चादरवाली म्हणतात आणि तिला त्याचं काही वाटत नाही. लेकीला वाटायचं. बारा वर्षांची असताना वर्गातल्या कुणीतरी तिला ‘चादरवालीची पोर’ म्हटलं, त्या दिवसापासून तिने चादरीला हात लावला नाही. घडी घालायला दुसरं टोक धर म्हटलं की हिचा अभ्यास निघायचा. ते काम मग माझ्या गळ्यात पडलं, आणि मला घडी घालता येत नाही हे मी चौदा वर्षं रोज ऐकतोय.

चादरी वाळवायला दोन दोऱ्या आहेत. एक लॉजच्या भिंतीआड, दुसरी समुद्राकडे, उघड्यावर. वारा जमिनीकडून असला की उघड्यावर अर्ध्या तासात चादर कडक वाळते. समुद्रावरून असला की ओल्या कापडावर वाळू बसते आणि सगळं परत धुवायचं. एकतीस वर्षांत ही बाई उघड्यावरच्या दोरीला एकदाही फसलेली नाही. मी त्याला नशीब म्हणायचो. मला कोण विचारतो म्हणा.

त्या दिवशी सर्फिंग क्लबने लेकीला पहिल्यांदाच स्वतःचे लोक दिले. शहरातून आलेले नऊ जण, एका दिवसाची सहल. मॅनेजरने तोंडावर सांगितलं होतं, “हे लोक खूश होऊन गेले तर शिकवायचं काम तुझं. नाहीतर आहेच सर्फबोर्ड पुसायचं.” चार वर्षं ती बोर्डच पुसत होती.

आणि नेमका सकाळपासून समुद्रावरून वारा सुटला. तोही असा की माझी शेगडी तीनदा विझली, शेवटी मी भोवती पत्रा उभा केला. लाटा धड उभ्याच राहीनात, लांबूनच फुटून सगळा पांढरा चोथा. अशा पाण्यात नवख्यांना न्यायचं म्हणजे हातपाय मोडून घ्यायचे. नऊ जण टॉवेल गुंडाळून माझ्या बाकावर बसले. एकजण तर परतीच्या गाडीचं बघायला लागला.

बायको बादली घेऊन चालली होती. जाता जाता म्हणाली, “जेवणं होईपर्यंत फिरेल वारा. दोन झोतांच्या मधे भिंतीआडची चादर उलटी झुलतेय.”

“आई, मोबाईलवर दिवसभर हाच वारा दाखवतोय,” लेक म्हणाली. “तू तुझ्या चादरी बघ.”

मला असा राग आला, पण हातात झारा होता आणि कढईत मासे.  बायको वळली, समुद्राकडच्या दोरीशी गेली आणि वारा तोंडावर येत असताना पहिली ओली चादर तिने तिथे टाकली. मग दुसरी. लॉजला संध्याकाळपर्यंत चाळीस चादरी हव्या होत्या.

मी कपाळाला हात लावला. म्हटलं, आज बाई हट्टाला पेटली.  पण लेकीने एकदा मोबाईलकडे पाहिलं, एकदा दोरीकडे. त्या दोरीवर आई कधी काय टाकते हे ती पाळण्यात असल्यापासून बघत आली होती. तिने मोबाईल खिशात घातला.

“कुणी जायचं नाही,” ती नऊ जणांना म्हणाली. “आधी जेवून घ्या. बाबा, सगळ्यांना वाढा, आणि सावकाश वाढा.”

सावकाश वाढणं मला उत्तम जमतं. एकेक मासा मी असा तळला की जणू जावई जेवायला बसलाय. दुसऱ्यांदा भात झाला, चहा झाला. मोबाईलमध्ये अजून तेच. 

मग वारा पडला. सगळ्या चादरी एकदम सरळ खाली, हलेनात. शेगडीची ज्योतही सरळ उभी राहिली. आणि मग पहिल्या चादरीचं टोक उचललं गेलं, समुद्राच्या दिशेने. पाठोपाठ बाकीच्याही फडफडल्या आणि बसलेली वाळू झडून गेली.

लेक बोर्ड उचलून पळाली, मागून नऊ जण. पंधरा-वीस मिनिटांत पाणी विंचरल्यासारखं झालं. लाटा एकामागोमाग एक, उंच, स्वच्छ. लेक कमरेभर पाण्यात उभी राहून एकेकाला ढकलत होती. नऊपैकी सात जण बोर्डवर उभे राहिले. गाडीचं बघणारा तर पार वाळूपर्यंत उभ्याने आला आणि तिथे बसून लहान पोरासारखा हसत सुटला. मॅनेजर टपरीवर आला, चहा प्यायला आणि म्हणाला, “उद्यापासून ती शिकवेल.” मी त्याला मासा फुकट दिला. मी फुकट देत नाही.

बायकोने यातलं काहीच पाहिलं नाही. ती चादरी काढत होती. मी नेहमीसारखा दुसरं टोक धरायला गेलो, तर मागून आवाज आला, “बाबा, सरका.”

लेक होती, केसांतून पाणी गळत होतं.

“आधी हात पूस,” बायको म्हणाली.

लेकीने हात माझ्या शर्टाला पुसले आणि टोक धरलं. तेवढ्यात तो गाडीचं बघणारा बोर्ड घेऊन आला. “मॅडम, वारा फिरणार हे तुम्हाला कळलं कसं?”

लेकीने आईकडे पाहिलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “मी चादरवालीची पोर आहे.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी शेगडीच्या धुरावर ढकललं. 

“टोक वर धर,” बायको म्हणाली. “वाळूला लागतंय.”