आईच्या लिव्हरची तपासणी

सोनोग्राफीत आईच्या लिव्हरवर चरबी दिसली, तेव्हा लातूरच्या डॉक्टरांनी फायब्रोस्कॅन करायला सांगितलं. लिव्हर किती कडक झालंय ते त्या मशीनवर कळतं. आईनं मात्र वेगळाच धसका घेतला. आमच्या देवणीकडं लिव्हर खराब म्हणजे दारू, एवढंच लोकांना ठाऊक. तिनं मला कुणाजवळ बोलू दिलं नाही.

तपासणीच्या टेबलावर झोपताच ती मशीनवरच्या मुलीला म्हणाली, "बाई, मी जन्मात दारूला शिवले न्हाई."

मुलगी हसली. "मावशी, शुगर असली तरी लिव्हरवर चरबी येते. आता हलू नका."

तिनं बरगड्यांवर मशीनचं टोक टेकवलं आणि बटण दाबलं. टिचकी मारल्यासारखा आवाज झाला. अशा दहा टिचक्या झाल्यावर तिनं दुखलं का विचारलं.

"न्हाई, गुदगुल्या व्हायल्यात," आई म्हणाली.

रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, "लिव्हर मऊ आहे. गोड कमी करा, रोज चाला." माझा जीव भांड्यात पडला, पण आई उठेना.

"साहेब, ह्यात दारूचा संबंध न्हाई, असं लिहून द्या."

डॉक्टरांनी खरंच 'चरबी शुगरमुळं, दारूचा संबंध नाही' असं लिहून सही केली. परतीच्या बसमध्ये आईनं तो कागद माझ्याकडून दोनदा मोठ्यानं वाचून घेतला. शेजारच्या बाईनं विचारलं, "कुठं केली ही तपासणी? मलाबी शुगर हाय."

आई तिच्याकडं सरकून बसली आणि देवणी येईपर्यंत तिला सगळं समजावत राहिली.